गरजवंताची गोळी

चतुर्थीच्या सुट्टीत आखातातून वा विलायतेतून घरी येणाऱ्या मुलाच्या सामानात कपडे, चॉकलेटे आणि अत्तराच्या कुप्या यांच्या जोडीला आता आणखी एक वस्तू हमखास असते. ती म्हणजे गोळ्यांची भलीमोठी बाटली. आईसाठी कॅल्शियम, वडिलांसाठी मल्टिव्हिटामिन आणि माशाचे तेल, धाकट्या भावासाठी प्रोटीनची पावडर. मुलाने मायेने आणलेली बाटली आई फडताळात ठेवते आणि 'पोराने एवढ्या दुरून आणली, ती वाया कशाला घालवायची?' असे म्हणून रोज एक गोळी घेऊ लागते. ती गोळी कशावरची आहे, किती दिवस घ्यायची, आपल्या रक्तदाबाच्या किंवा थायरॉइडच्या औषधाशी तिचे जमते की नाही, हे प्रश्न त्या घरात कोणाच्याही मनात येत नाहीत.

त्याच वाड्यावर, चार घरे पलीकडे, दुसरे एक फडताळ असते. त्यात आरोग्य केंद्रातून मिळालेल्या लोहाच्या लाल गोळ्यांची पाकिटे पडून असतात. ज्या गरोदर सुनेला त्या दिल्या, तिने पहिले चार दिवस त्या घेतल्या. मग मळमळू लागले, शौचास काळे होऊ लागले. सासूबाई म्हणाल्या, 'उष्ण पडतात गो, सोड त्या', आणि गोळ्या सुटल्या. फुकट मिळालेल्या असल्यामुळे त्यांची किंमतही कोणाला वाटली नाही. ज्याला गरज नाही तो गोळी विकत घेऊन खातो आणि जिला गरज आहे ती फुकट मिळालेली गोळी टाकून देते, हे या विषयातले खरे दुखणे आहे. शक्तीच्या गोळ्यांविषयी आज जे चार शब्द आम्ही लिहीत आहोत, ते या दोन फडताळांकडे पाहून.

टॉनिके म्हणजे सारे थोतांड, असे म्हणणारा एक वर्ग समाजात आहे. आम्ही त्या वर्गातले नाही. या गोळ्यांच्या मागे मानवाच्या बुद्धीचा आणि करुणेचा मोठा इतिहास आहे, आणि त्याची काही पाने आमच्याच किनाऱ्यावर लिहिली गेली आहेत. १४९८ च्या ऑक्टोबरात अंजदीव बेटावरून वास्को द गामाची गलबते परतीच्या प्रवासाला निघाली. वारा प्रतिकूल होता. आफ्रिकेचा किनारा गाठायला त्यांना तीन महिने लागले. तेवढ्या अवधीत खलाशांच्या हिरड्या सुजून दातांवर आल्या, हातपाय फुगले आणि तीसेक माणसे समुद्रातच संपली. मालिंदीला पोहोचल्यावर आजाऱ्यांसाठी प्रथम मागवली गेली ती संत्री. तोफा बाळगणाऱ्या त्या आरमाराला ताज्या फळांच्या अभावाने लोळवले होते. या रोगाचे नाव स्कर्व्ही. पुढे १७४७ मध्ये जेम्स लिंड या इंग्रज आरमारातील वैद्याने बारा आजारी खलाशांवर निरनिराळे उपाय करून पाहिले आणि संत्र्या-लिंबांनी ते बरे होतात हे दाखवून दिले. त्या फळांतले 'क' जीवनसत्त्व ओळखायला मात्र विसावे शतक उजाडावे लागले.

भाताची कथाही अशीच आहे. जावा बेटावर क्रिस्टियान आयकमन या डच डॉक्टराला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस असे आढळले की, सडलेला पांढराशुभ्र तांदूळ खाणाऱ्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात आणि तांदळाचा कोंडा दिला की त्या पुन्हा उभ्या राहतात. माणसांना होणाऱ्या बेरीबेरी रोगाचे मूळ त्यातून उलगडत गेले आणि १९२९ मध्ये आयकमनला नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. आमच्या पूर्वजांना थायमिन हा शब्द ठाऊक नव्हता. पण भात भिजवून, उकडून, वाळवून मग कांडण्याची रीत त्यांना ठाऊक होती. त्या उकडण्यात कोंड्यातले 'ब' जीवनसत्त्व दाण्याच्या आत शिरते आणि कांडल्यावरही बरेचसे टिकून राहते. उकड्या तांदळाच्या पेजेला गरिबाचे जेवण म्हणून नाके मुरडणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात ठेवावे.

तिसरे पान मुंबईचे आहे. १९२८ मध्ये लुसी विल्स ही इंग्रज स्त्री-डॉक्टर मुंबईत आली. गिरण्यांतून काम करणाऱ्या गरीब स्त्रिया गरोदरपणात रक्तक्षयाने पांढऱ्या फटक पडत आणि दगावत. त्यांच्या आहाराचा तिने बारकाईने शोध घेतला आणि यीस्टच्या स्वस्त अर्काने त्यांचे रक्त सुधारते हे १९३१ मध्ये जगापुढे मांडले. त्या अर्कातला गुणकारी घटक म्हणजेच पुढे ओळखले गेलेले फॉलिक ॲसिड. ते प्रयोगशाळेत तयार करणाऱ्या अमेरिकेतील पथकाच्या मागे यल्लाप्रगडा सुब्बाराव हे आंध्रात जन्मलेले संशोधक उभे होते. आज आरोग्य केंद्रातील परिचारिका गरोदर स्त्रीच्या हातावर जी लाल गोळी ठेवते, तिच्यात लोहाच्या जोडीला हेच फॉलिक ॲसिड असते. मुंबईच्या गिरणकामगार स्त्रियांच्या हालअपेष्टांतून निघालेले ते औषध आहे, याची जाणीव ती टाकून देणाऱ्यांनाही नाही आणि देणाऱ्यांनाही नाही.

या तिन्ही कथांचा मथितार्थ एकच आहे. जे बरे झाले ते ज्यांच्या शरीरात काही उणे होते ते. उणे भरून काढणे हा या द्रव्यांचा धर्म आहे. ज्याचे पात्र भरलेले आहे त्यात आणखी ओतले तर ते सांडते, आणि काही द्रव्ये अशी आहेत की ती सांडतही नाहीत, आत साचून विष होतात. संत्र्याने खलाशी वाचला म्हणून धट्ट्याकट्ट्या माणसाने 'क' जीवनसत्त्वाच्या गोळ्या मुठीने खाल्ल्यास तो अधिक धट्टाकट्टा होत नाही. व्यापाराने मात्र हा साधा भेद पुसून टाकला आहे.

प्रथम गरजवंतांविषयी. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ या वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. सुशिक्षित, सुस्थितीतला म्हणून मिरवणाऱ्या आमच्या गोव्यात हे प्रमाण ३९ टक्के निघाले. त्याआधीच्या फेरीत ते ३१ होते. म्हणजे दरडोई उत्पन्नात आघाडीवर असलेल्या या राज्यात स्त्रियांचे रक्त वाढण्याऐवजी घटले! गरोदर स्त्रीने रोज ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिडची एक गोळी १८० दिवस घ्यावी आणि बाळंतपणानंतरही तितकेच दिवस चालू ठेवावी, असा शासकीय कार्यक्रम आहे. परंतु गरोदरपणात १८० दिवस वा त्याहून अधिक काळ गोळ्या घेणाऱ्या माता देशात अवघ्या २६ टक्के असल्याचे त्याच पाहणीत दिसले. १९७० पासून देश या गोळ्या वाटतो आहे. वाटणे झाले, पोटात जाणे राहिले.

ते का राहिले याचे उत्तर सोपे आहे. गोळी देताना तिचा त्रासही सांगावा लागतो, तो सांगितला जात नाही. लोहाच्या गोळीने शौचाचा रंग काळा होतो. त्यात भिण्यासारखे काही नाही. मळमळ, जळजळ, मलावरोध हे त्रास अनेकींना होतात. अशा वेळी रिकाम्या पोटी घेण्याऐवजी जेवणानंतर किंवा रात्री निजताना गोळी घेतली तर बहुतेकींना ती सोसते. न सोसली तर डॉक्टर लोहाचा प्रकार बदलून देऊ शकतात. पण गोळी आपल्या मनाने सोडू नये. चहा हा लोहाचा वैरी आहे. गोळीच्या आधी व नंतर तासभर तरी चहा-कॉफी घेऊ नये. दुधाबरोबर किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर लोह घेतले तर ते अंगी लागत नाही. दोहोंत दोन तासांचे अंतर हवे. याउलट लिंबाचे सरबत, आवळा किंवा पेरू सोबत असेल तर लोह अधिक शोषले जाते. एवढी पाच वाक्ये प्रत्येक गरोदर स्त्रीला आणि, आम्ही मुद्दाम म्हणतो, तिच्या सासूबाईंना समजावून सांगितली, तर अर्धे काम होईल. 'उष्ण पडते' या दोन शब्दांनी जेवढ्या लाल गोळ्या आमच्याकडे वाया गेल्या असतील, तेवढ्या ओलाव्यानेही गेल्या नसतील.

लोहाच्या बाबतीत उलट बाजूही आहे. रक्त कमी म्हणजे लोह कमी, असे नेहमी नसते. थॅलेसेमियासारख्या आनुवंशिक विकारातही रक्त कमी असते. तेथे नकळत वर्षानुवर्षे लोह घेतल्यास ते हृदयात आणि यकृतात साचते. पुरुषाचे किंवा पाळी गेलेल्या स्त्रीचे रक्त कमी झाले असेल, तर पोटात कोठे रक्तस्राव होत नाही ना, हे आधी पाहावे लागते. तेथे नुसते टॉनिक घेत बसणे म्हणजे चोराला घरात ठेवून दाराला कुलूप लावणे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, घरात लहान मूल असेल तर या गोळ्या उंचावर, कुलपात ठेवाव्यात. लाल रंगाच्या गोड वाटणाऱ्या मूठभर गोळ्या दोन वर्षांच्या मुलाचा जीव घेऊ शकतात.

फॉलिक ॲसिडविषयी एक गोष्ट आमच्या तरुण वाचकांना ठाऊक असली पाहिजे. गर्भाचा मेंदू आणि पाठीचा कणा घडतो तो पहिल्या चार आठवड्यांत, म्हणजे पुष्कळदा आई होणार हे आईला कळण्याआधीच. गर्भधारणेपूर्वीपासून फॉलिक ॲसिड घेतल्यास मज्जारज्जूची व्यंगे मोठ्या प्रमाणात टळतात, हे १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश संशोधनाने निर्विवाद सिद्ध केले. तेव्हा ही गोळी डोहाळजेवणाची वाट पाहणारी नाही. मूल हवे असे ठरवले त्याच दिवशी डॉक्टरांना विचारून ती सुरू करावी.

दुसरा गरजवंत मधुमेही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण गोव्यात आढळले, प्रौढांमध्ये २६.४ टक्के. म्हणजे दर चार माणसांमागे एक! या रोगावर मेटफॉर्मिन हे औषध लक्षावधी लोक घेतात आणि ते चांगले औषध आहे. परंतु ते वर्षानुवर्षे घेतल्यास अन्नातून ब-१२ हे जीवनसत्त्व शोषण्याची शक्ती कमी होते. पित्त होऊ नये म्हणून घेतल्या जाणाऱ्या गोळ्याही दीर्घकाळात तेच करतात. ब-१२ उणावले की पायांना मुंग्या येतात, चालताना तोल जातो, विसरायला होते. आणि मधुमेही समजतो की हे साखरेमुळेच झाले किंवा वयामुळे झाले. अनेक वर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांकडून ब-१२ ची तपासणी करून घ्यावी. हे जीवनसत्त्व मासे, अंडी, दूध अशा प्राणिज अन्नातूनच मिळते. श्रावणात महिनाभर मासळी सोडणाऱ्यांनी त्याची चिंता करू नये, कारण त्याचा काही वर्षांचा साठा यकृतात असतो. परंतु जन्मभर कडक शिवराक राहणाऱ्या आणि दूधही बेताचेच घेणाऱ्या वृद्धांनी मात्र ती जरूर करावी.

येथेही एक सापळा आहे. ब-१२ उणे असताना नुसते फॉलिक ॲसिड घेत राहिल्यास रक्त सुधारलेले दिसते आणि मज्जातंतूंची हानी आतल्या आत चालू राहते. मुंग्या येतात म्हणून फार्मसीतून स्वतःच आणलेल्या गोळ्यांत पुष्कळदा ब-६ असते. ते मोठ्या मात्रेत महिनोन्महिने घेतल्यास त्यानेच मज्जातंतू बिघडतात आणि मुंग्या येतात! रोग आणि औषध यांची अशी फुगडी सुरू झाली की कोण कोणाला फिरवतो आहे, हे रोग्याला कळत नाही.

आता त्या पहिल्या फडताळाकडे वळू. कॅल्शियमची गोळी ही आता पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रीच्या हळदीकुंकवासारखी झाली आहे. घेतली नाही तर काहीतरी चुकले असे वाटते. अमेरिकेत ५० ते ७९ वयाच्या ३६,००० हून अधिक स्त्रियांवर सुमारे सात वर्षे चाललेल्या एका मोठ्या प्रयोगाचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. एका गटाला रोज १००० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ४०० युनिट ड जीवनसत्त्व दिले होते. हाडांची घनता किंचित सुधारली. खुब्याची हाडे मोडण्यात उल्लेखनीय घट झाली नाही आणि मुतखड्याचे प्रमाण मात्र १७ टक्क्यांनी वाढले. याचा अर्थ कॅल्शियम निरुपयोगी आहे असा नव्हे. गरोदर आणि अंगावर पाजणारी स्त्री, हाडे ठिसूळ झाल्याचे निदान झालेला रोगी, आहारात दूध-नाचणी-मासळी यांचा दुष्काळ असलेला माणूस यांना ते हवेच. ते एका वेळी ५०० मिलिग्रॅमपेक्षा अधिक घेऊन उपयोग नाही, कारण शरीर तेवढे शोषत नाही. कार्बोनेट प्रकारचे कॅल्शियम जेवणाबरोबर वा जेवणानंतर घ्यावे, भरपूर पाणी प्यावे, आणि पूर्वी मुतखडा झालेल्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. थायरॉइडची गोळी घेणाऱ्याने ती आणि कॅल्शियम किंवा लोह यांच्यात चार तासांचे अंतर ठेवावे. नाहीतर थायरॉइडचे औषध पोटातच अडकते आणि 'औषध चालत नाही' म्हणून मात्रा वाढत राहते.

ड जीवनसत्त्वाची कथा याहून गंभीर आहे. आमच्या परिचयाच्या एका निवृत्त शिक्षकांना गुडघेदुखीसाठी डॉक्टरांनी ६०,००० युनिटची गोळी आठवड्यातून एक, अशी आठ आठवडे लिहून दिली. चिठ्ठीवरचे अक्षर आणि त्यातली इंग्रजी आद्याक्षरे त्यांना उमगली नाहीत. फार्मसीतही कोणी उलगडून सांगितले नाही. त्यांनी ती रोज एक घेतली आणि बरे वाटले म्हणून पुढेही चालू ठेवली. अडीच-तीन महिन्यांनी त्यांना ओकाऱ्या होऊ लागल्या, तहान शमेना, पोट साफ होईना, बोलण्यात असंबद्धता आली. घरच्यांना वाटले, आता वयच झाले. रक्त तपासले तेव्हा कॅल्शियम भलतेच चढलेले आणि मूत्रपिंडे मंदावलेली निघाली. रुग्णालयात काढलेल्या आठवड्यांनंतर ते सावरले, हे त्यांचे सुदैव. हे जीवनसत्त्व चरबीत साठते; 'क' किंवा 'ब' सारखे लघवीवाटे सहजी जात नाही. सामान्य प्रौढाने स्वतःहून घेण्याची रोजची कमाल मर्यादा ४००० युनिट मानली जाते. रोज ६०,००० म्हणजे तिच्या पंधरा पट! आठवड्याची गोळी रोज घेतली जाण्याची ही चूक अतिशय सामान्य आहे आणि ती टाळायला नवे संशोधन नको, फार्मसीवाल्याच्या हातातले पेन पुरे. 'आठवड्यातून एकदा, रविवारी' एवढे त्याने पाकिटावर मराठीत वा कोकणीत लिहिले तर एखाद्याचे मूत्रपिंड वाचेल.

राहता राहिले निरोगी माणसाचे मल्टिव्हिटामिन आणि त्याचे सोयरे. अधिक म्हणजे अधिक चांगले, हा समज किती घातक ठरू शकतो याची दोन उदाहरणे पुरेत. गाजरासारख्या भाज्यांत असणारे बीटा कॅरोटीन फुप्फुसाच्या कर्करोगापासून वाचवील, अशा आशेने फिनलंडमध्ये २९,००० हून अधिक धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना गोळ्या देऊन पाहण्यात आल्या. १९९४ मध्ये हिशेब झाला तेव्हा बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांत कर्करोग १८ टक्क्यांनी वाढलेला निघाला! ई जीवनसत्त्वाने प्रोस्टेटचा कर्करोग टळेल या समजुतीने ३५,००० पुरुषांवर अमेरिकेत झालेल्या प्रयोगात, २०११ च्या अहवालानुसार, तो १७ टक्क्यांनी वाढला. गाजर दोषी नाही. गाजरातला एक कण वेगळा काढून, शंभर गाजरांचा गर्व त्यात भरून, तो गोळीत कोंबणे दोषी आहे. लायनस पॉलिंग यांच्यासारख्या दोन नोबेल पारितोषिके मिळवणाऱ्या शास्त्रज्ञाने १९७० मध्ये सर्दीवर 'क' जीवनसत्त्वाच्या प्रचंड मात्रेचा पुरस्कार केला आणि जगाने तो डोक्यावर घेतला. पुढील प्रयोगांत मात्र सामान्य माणसाची सर्दी त्याने टळत नाही असेच दिसले. मोठ्या मात्रेने अतिसार आणि मुतखडा होतो तो वेगळाच. अ जीवनसत्त्वाची मोठी मात्रा गरोदरपणात गर्भाला व्यंग आणू शकते. ई जीवनसत्त्व वा माशाचे तेल मोठ्या मात्रेत, रक्त पातळ करणाऱ्या औषधांच्या जोडीला घेतल्यास रक्तस्राव वाढू शकतो, तर के जीवनसत्त्व त्यांतील वॉरफरिनसारख्या औषधाचा गुणच मारते. केस गळतात म्हणून घेतलेल्या बायोटिनने थायरॉइडच्या आणि हृदयविकाराच्या रक्ततपासण्या चुकीच्या येतात. म्हणून तपासणीला वा शस्त्रक्रियेला जाताना आपण काय काय घेतो हे डॉक्टरांना सांगितलेच पाहिजे. 'औषधे कोणती घेता?' असे विचारल्यावर आमची माणसे या बाटल्यांचा उल्लेखच करीत नाहीत, कारण त्यांना ते औषध वाटतच नाही.

'नैसर्गिक' या शब्दाची मोहिनीही उतरवली पाहिजे. हळद आम्ही पिढ्यान्‌पिढ्या खात आलो. हुमणात ती चिमूटभर असते. तिचा अर्क काढून, शरीरात अधिक शोषला जावा म्हणून मिऱ्याच्या अर्काशी जोडून, केलेल्या गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आलेल्या आहेत. अश्वगंधाच्या गोळ्यांविषयीही तशाच आहेत. स्वयंपाकघरातली वस्तू कारखान्यात गेली की तिची मात्रा बदलते आणि मात्रेबरोबर स्वभावही.

व्यायामशाळांतून दिसणाऱ्या तरुणांनाही एक शब्द सांगावासा वाटतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. शरीरसौष्ठवासाठी प्रोटीनच्या पावडरी टाळाव्यात, असे त्यांत स्पष्ट म्हटले आहे. साठ किलो वजनाच्या सामान्य माणसाला दिवसाला सुमारे पन्नास ग्रॅम प्रथिने पुरतात. शंभर ग्रॅम बांगड्यात वीसेक ग्रॅम, दोन अंड्यांत बारा, वाटीभर आमटीत सहा-सात, पेलाभर दुधात तितकीच, आणि उरलेली भात-पोळीत. हा हिशेब करायला प्रशिक्षक लागत नाही. कसून व्यायाम करणाऱ्याला थोडे अधिक लागते, तेही मासळी, अंडी, चणे यांतून मिळते. पावडर स्वस्त पडावी म्हणून तीत भलतीच भेसळ करणारे आहेत, आणि ज्याच्या मूत्रपिंडात आधीच दोष आहे त्याला प्रथिनांचा हा भार सोसत नाही. तो दोष पुष्कळदा तपासल्याशिवाय कळत नाही.

कायद्याची बाजूही वाचकांनी जाणून घ्यावी. २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याखाली या वस्तूंना 'अन्न' म्हणून परवाना मिळतो, औषध म्हणून नव्हे. म्हणून त्यांच्या वेष्टनावर 'हे औषधी वापरासाठी नाही' असे छापणे २०१६ च्या नियमांनी बंधनकारक केले आहे. आणि नेमकी तीच ओळ सर्वांत बारीक अक्षरांत असते, तर 'हाडे, हृदय आणि प्रतिकारशक्ती' ही सर्वांत ठळक! अमेरिकेतून आलेली बाटली म्हणजे पारखलेली, अशी समजूत करून घेणाऱ्यांनी हेही ऐकावे की, तेथील १९९४ च्या कायद्यानुसार अशी वस्तू बाजारात आणण्यापूर्वी ती गुणकारी आहे हे सरकारला सिद्ध करून दाखवावे लागत नाही.

तर मग करावे काय? आधी ताटाकडे पाहावे. नाचणीच्या शंभर ग्रॅममध्ये सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असते. काट्यासकट खाल्ल्या जाणाऱ्या बारीक मासळीतही ते भरपूर मिळते. तारले-बांगड्यांत ड जीवनसत्त्व, ब-१२ आणि बाटलीतून विकले जाणारे तेच तेल असते. तिसऱ्यांत लोह आहे. शेवग्याचा पाला परसातच आहे. परंतु एवढे सांगून हात झटकणाऱ्यांपैकी आम्ही नाही. बाजारात मासळीचा भाव विचारून रिकाम्या पिशवीने परतणाऱ्या बाईला 'ताटातून पोषण घ्या' हा उपदेश म्हणजे जखमेवर मीठ आहे. तिच्यासाठी गोळी लागणारच. ती तिच्यापर्यंत पोहोचवणे आणि पोटात जाईपर्यंत पाठपुरावा करणे हे शासनाचे कर्तव्य आहे. गोळ्या किती वाटल्या याचा तक्ता भरून ते पुरे होत नाही. अंगणवाडी सेविकेला आणि परिचारिकेला त्या पाच वाक्यांसाठी वेळ मिळाला पाहिजे. बाळंतपणाआधी रक्त पुन्हा तपासून ते वाढले की नाही, हे पाहिले गेले पाहिजे. शाळेतून किशोरींना आठवड्यातून एकदा मिळणारी निळी गोळी शिक्षिकेने स्वतः त्यांच्यासोबत बसून द्यावी. दप्तरात जाणारी गोळी घरी पोहोचतेच असे नाही. आणि डॉक्टरांनी चिठ्ठीवर रोग्याला वाचता येईल असे लिहावे, ही मागणी करायला आम्हाला आता लाज वाटू लागली आहे, इतक्यांदा ती केली आहे.

घरच्यांचे कर्तव्यही थोडे नाही. या आठवड्यात एखाद्या संध्याकाळी घरातल्या साऱ्या बाटल्या आणि पाकिटे टेबलावर मांडावीत. प्रत्येकीसमोर तीन प्रश्न ठेवावेत: ही कोणी सांगितली, कशासाठी, आणि किती दिवस? ज्या बाटलीला उत्तर नाही ती डॉक्टरांना दाखवून मगच पुढे घ्यावी वा बंद करावी. आणि मग शेजारच्या सुनेला विचारावे, 'गो, तुझ्या लाल गोळ्या चालू आहेत ना?'